त्या पोराने व्हायोलिनवर काय वाजवलं?

इंग्रजी आर्ट साँगचा, म्हणजे एक गळा आणि एक पियानो एवढ्यावर उभ्या राहणाऱ्या गाण्याचा विषय निघाला की साहित्यवाले एका बाजूला, संगीतवाले दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कबड्डीची रेघ, असं चित्र हमखास दिसतं. साहित्यवाले म्हणतात, चांगल्या कवितेत तिचं संगीत असतंच. वरून सूर चढवणं म्हणजे सोन्याला मुलामा देणं. संगीतवाले म्हणतात, कविता हा कच्चा माल. गाणं उत्तम झालं की कवीच्या तक्रारीशी आम्हाला कर्तव्य नाही. भावगीतांच्या निमित्ताने आपणही हा खेळ पुष्कळ खेळलोय, त्यामुळे दोन्हीकडचे डाव ओळखीचे वाटतात. मला मात्र दोघंही एकाच चुकीवर उभे दिसतात. कविता ही तयार वस्तू आणि संगीत हा तिच्या अंगावर चढवायचा पोशाख, असं दोघांनीही मनाशी धरलेलं असतं. भांडण फक्त तो पोशाख शोभतो की नाही एवढ्यावरच. माझं म्हणणं असं, की चांगलं आर्ट साँग हे कवितेचं वाचन असतं. समीक्षक लेख लिहून जे करतो तेच संगीतकार सुरांत करतो, आणि समीक्षकासारखाच तो चुकूही शकतो. कवितेला चाल लावावी की लावू नये, यावर रात्री जागवण्यात अर्थ नाही. त्या चालीने कविता कशी वाचली, यावर भांडायला मी केव्हाही तयार आहे.

इंग्रज कवी टॉमस हार्डीची एक लहानशी कविता घ्या. अपवे नावाचं आडबाजूचं स्टेशन. गाडीची वाट बघत तिघं थांबलेत: हातांत बेड्या घातलेला कैदी, त्याला नेणारा शिपाई आणि व्हायोलिन घेतलेलं एक पोर. पोराला कैद्याची दया येते. माझ्याकडे स्वतःचे असे पैसे नाहीत, पण तुम्हाला वाजवून दाखवतो, असं म्हणून ते वाजवायला लागतं. शिपाई हसतो. आणि बेड्यांतला माणूस एकाएकी गायलाच लागतो, की हे असं मोकळं जगणंच आपल्याला मानवतं! शिपाई ऐकून न ऐकल्यासारखं करतो, आणि गाडी येईपर्यंत हे असंच चालू राहतं. संपली कविता. आता मला सांगा, त्या पोराने वाजवलं काय? कवितेत ते कुठेच नाही. पानावर त्याची गरजही पडत नाही. 'वाजवलं' एवढं वाचून आपण पुढच्या ओळीवर जातो. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनने 1953 साली 'विंटर वर्ड्‌स' या गीतमालेत ही कविता घेतली तेव्हा त्याला ही पळवाट नव्हती. सूर लिहायचे तर कुठले तरी सूर लिहायलाच हवेत. त्याने पियानोलाच व्हायोलिन व्हायला लावलं. तारांवर गज फिरावा तशी जवळजवळ एकेरी रेघ, खाली आधाराला भरदार स्वरपुंज, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, नाहीत, आणि त्यावर गळा, गाण्यापेक्षा सांगितल्यासारखा. पियानोखालची जमीनच काढून घेतल्यासारखं वाटतं. त्या उघड्या फलाटावर कैद्याचे 'मोकळं जगणं' हे शब्द येतात तेव्हा त्यांतला विनोद आणि त्यांतली भीती दोन्ही एकदम लागतात. हार्डीने हे लिहिलं होतं का? लिहिलं नव्हतं. पण कवितेत होतं का? माझ्या मते होतं, आणि ब्रिटनने ते वाचून दाखवलं.

इथे आपल्या कानाची एक सवय आड येते. 'साथ' हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलाय, की गळ्याबरोबर जे काही वाजतं ते साथीलाच असणार असं आपण समजतो. पेटी गळ्याच्या मागोमाग जाते, तबला ठेका धरतो, मधल्या जागा भरल्या जातात. आर्ट साँगमधला पियानो असा मागोमाग चालत नाही. त्याचा सूर न् सूर लिहिलेला असतो. तो गळ्याच्या आधी बोलतो, गळा थांबल्यावर बोलत राहतो, आणि गळा एक सांगत असताना निःशंकपणे दुसरंच सांगतो. ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टने 1814 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, जर्मन कवी गटेच्या 'फाउस्ट' नाटकातल्या ग्रेट्‌शेनला चरख्याशी बसवून गायला लावलं तेव्हा हे पहिल्यांदा लख्ख दिसलं. पियानोत चरखा फिरत राहतो. प्रियकराच्या चुंबनाची आठवण येते आणि चरखा थांबतो. मग अडखळत, दोनतीन प्रयत्नांनी पुन्हा सुरू होतो. चरखा थांबल्याचं गटेच्या ओळींत कुठेही नाही. इंग्रज संगीतकार पुढे जे शिकले ते मुख्यतः याच शाळेत. 'शब्दप्रधान गायकी' हे आपल्याकडे मोठं प्रशस्तिपत्र समजलं जातं, आणि शब्द नीट ऐकू यावेत याबद्दल दुमत नाहीच. पण शब्द स्वच्छ उच्चारणं आणि शब्द वाचणं या दोन गोष्टींत तेवढंच अंतर आहे जेवढं शाळेतल्या पाठांतरात आणि एखाद्या जाणत्या मास्तरांनी शिकवलेल्या कवितेत.

वाचन म्हटलं की एकाहून अनेक वाचनं आलीच. हार्डीचीच आणखी एक कविता, जेमतेम बारा ओळींची. पहिल्या सहा ओळींत संध्याकाळी पक्षी गातायत, सगळा काळ आपलाच असल्यासारखे. पुढच्या सहा ओळींत कवी सांगतो, की हे पक्षी कोरे करकरीत आहेत. वर्षा-दोन वर्षांपूर्वी ते पक्षी नव्हतेच, नुसते धान्याचे कण होते, माती होती, हवा होती, पाऊस होता. इंग्रज संगीतकार जेरल्ड फिन्झीने ही कविता 'अर्थ अँड एअर अँड रेन' या मालेच्या शेवटी ठेवली. त्याचा पियानो आधी बराच वेळ एकटा, संथ चालतो. गळा येतो तोवर संध्याकाळ जवळजवळ उलटून गेलेली असते, आणि शेवटची माती-हवा-पावसाची ओळ आपण ऐकतो ती कुणाला तरी पोचवून परत आल्यासारखी. ब्रिटननेही 'विंटर वर्ड्‌स'मध्ये हीच कविता घेतली. त्याचं गाणं एखाद्या मिनिटात फडफडत निघून जातं, किलबिलाटासकट. त्याच्या पक्ष्यांना मरणाची खबर नाही, आणि थांबून ती त्यांना सांगावी असं त्यालाही वाटत नाही. आता यातलं खरं कुठलं? एकाने 'नव्हते' हा शब्द ऐकला, दुसऱ्याने 'कोरे करकरीत'. दोन्ही शब्द हार्डीचेच आहेत. दोन समीक्षकांनी या कवितेवर दोन लेख लिहिले असते तर कवितेची विटंबना झाली म्हणून कुणी ओरडलं असतं का?

आता विरोधी बाजूचं ऐकू, आणि ती बाजू कच्ची नाही. पहिला आक्षेप वेळेचा. कविता वाचताना मी हवा तिथे थांबतो, मागे जातो, एक ओळ तीनदा वाचतो. गाणं मला खेचत नेतं आणि दुहेरी अर्थाच्या जागी एकच अर्थ ठोकून बसवतं. हे खरं आहे. दुसरा आक्षेप ऐकू येण्याचा. स्त्रीचा गळा वरच्या सप्तकात चढला की 'ई', 'ए' आणि 'आ' यांतला फरक मिटत जातो. हा गायिकेचा आळस नव्हे, आवाज तयार होण्याच्या विज्ञानातलीच ती मर्यादा आहे. म्हणजे ज्या शब्दावर संगीतकार सगळा जोर लावतो तोच शब्द पुष्कळदा विरघळतो. हेही खरं. आणि तिसरा आक्षेप खुद्द कवींचा: आमच्या ओळी कापता, शब्द दोनदोनदा म्हणायला लावता, आणि वर आम्हीच आभार मानावेत अशी अपेक्षा करता! या तिसऱ्या आक्षेपाचा सर्वांत प्रसिद्ध फिर्यादी इंग्रज कवी ए. ई. हाउसमन, आणि त्याचा खटला तपशिलात पाहण्यासारखा आहे, कारण दोन्ही बाजूंचे वकील तो चुकीचा चालवतात.

हाउसमनचा 'अ श्रॉपशर लॅड' हा 63 कवितांचा संग्रह 1896 साली निघाला. खेडं, नांगर, बिअर, फाशी, सैन्यात गेलेली पोरं, आणि लोकगीताच्या घाटाची कडवी. इंग्रज संगीतकारांनी त्यावर अक्षरशः झडप घातली. हाउसमन पेशाने लॅटिनचा प्राध्यापक, पाठचिकित्सेतला, म्हणजे जुन्या हस्तलिखितांतून मूळ शब्द ठरवण्याच्या कामातला, दरारा असलेला माणूस. मॅनिलियस नावाच्या रोमन कवीच्या संहितेवर त्याने आयुष्याची जवळपास तीन दशकं घालवली. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर दुसऱ्या पंडितांना फाडून खाणारा हा माणूस संगीतकारांना परवानगी मात्र सढळ हाताने द्यायचा, पैसेही घ्यायचा नाही. अट एकच, कार्यक्रमाच्या पत्रिकेत कविता छापायच्या नाहीत. संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्सने 1909 साली त्याच्या सहा कविता गळा, पियानो आणि चार तंतुवाद्यांसाठी बांधल्या. त्यांतल्या एका कवितेतली दोन कडवी त्याने सरळ गाळली. हाउसमन भडकला. मी याच्या संगीतातल्या दोन मात्रा कापल्या तर याला कसं वाटेल, असा त्याचा सवाल. व्हॉन विल्यम्सचं उत्तरही तितकंच खमकं: अर्थ बदलत नसेल तर कवितेतला कुठलाही भाग घ्यायचा हक्क संगीतकाराला आहे, आणि गोल उभा आहे, गोल राखायला गोलकीपर उभा आहे, असल्या ओळी कुणी विस्मृतीत टाकल्या तर कवीने उपकारच मानावेत.

लोक इथे हसतात आणि संगीतकाराला विजयी घोषित करतात. मी करत नाही. कविता अशी आहे: मेलेला तरुण जमिनीखालून विचारतोय आणि जिवंत मित्र वरून उत्तरं देतोय. माझे घोडे नांगराला जुंपलेले आहेत का? हो, सगळं जागच्या जागी आहे. नदीकाठी फुटबॉल चालू आहे का? हो, चेंडू उडतोय, पोरं जीव तोडून खेळतायत, गोलकीपर उभा आहे. माझी मैत्रीण सुखात आहे का, रडून रडून थकली का? हो रे, ती सुखात आहे, तू झोप. माझा मित्र कसा आहे, त्याला माझ्यापेक्षा बरं अंथरूण मिळालं का? आणि मग शेवटचं उत्तर, की मी एका मेलेल्या माणसाच्या प्रेयसीला जवळ करतोय, कुणाच्या ते विचारू नकोस. यातून फुटबॉल काढलं की काय उरतं? नांगरावरून थेट प्रेयसीवर उडी. मेलेल्या पोराला आपल्या मुलीइतकीच नदीकाठच्या मॅचची काळजी आहे, यातच तर तो पोर आहे. आणि 'गोल उभा आहे, गोलकीपर उभा आहे' ही ओळ बावळट आहे म्हणूनच ती तिथे हवी. उत्तर देणारा वेळ काढतोय, खरं सांगायचं टाळून चेंडूबद्दल बडबडतोय. ही ओळ गाळल्यावर अर्थ बदलत नाही, असं म्हणणारा वाचक इथे झोपला होता. हक्काबद्दल मी व्हॉन विल्यम्सच्या बाजूचा आहे. समीक्षकही अख्खी कविता उद्धृत करत नाही. पण निवडून उद्धृत करणाऱ्याला निवडीचा हिशेब द्यावा लागतो, आणि हा हिशेब चुकलेला आहे.

हे सिद्ध करायला साहित्यिक युक्तिवादही लागत नाही, दुसरं गाणं पुरतं. जॉर्ज बटरवर्थ या इंग्रज संगीतकाराने त्याच काळात हीच कविता गळा आणि पियानो एवढ्यावरच बांधली. 1911 साली ती प्रसिद्ध झाली. आठच्या आठ कडवी, फुटबॉलसकट. मेलेल्याचा प्रश्न हलक्या, वरच्या आवाजात, पियानोवर हळूहळू खाली घसरत जाणारे स्वरपुंज. जिवंताचं उत्तर खालच्या पट्टीत, मोठ्याने, चाल वाढवून. एकाच गवयाला दोन्ही व्हावं लागतं. फुटबॉलच्या कडव्यावर तो जोरात, उत्साहाने उत्तर देतो, आणि पुढच्या कडव्यांत तोच जोर हळूहळू संशयास्पद वाटायला लागतो. हा माणूस इतक्या मोठ्याने का बोलतोय? व्हॉन विल्यम्सच्या गाण्यात जिवंत मित्र पहिल्यापासून धापा टाकतोय, त्याचा अपराध आपल्याला आधीच कळतो. बटरवर्थ ते लांबवतो. कवितेच्या बाजूने बोलायचं तर बटरवर्थ बरोबर आहे, आणि हे मी सुरांकडे बोट दाखवून म्हणू शकतो. म्हणजे कवितेवर अन्याय झाला असेल तर तो संगीताने केला नाही, एका विशिष्ट वाचनाने केला. आणि त्याची दुरुस्तीही दुसऱ्या संगीतानेच झाली.

वेळेच्या आक्षेपालाही याच गाण्यात उत्तर मिळतं. गाणं एका बैठकीत मला खेचत नेतं, कबूल. पण अर्थ कायमचा गोठवतं का? बटरवर्थने हे गाणं केलं तेव्हा महायुद्ध नव्हतं. ऑगस्ट 1916 मध्ये सोमच्या लढाईत तो मारला गेला, एकतीस वर्षांचा. त्याची ओळखता येईल अशी कबर नाही. थिएपव्हालच्या स्मारकावर नाव आहे. तेव्हापासून हे गाणं कुणी शांतपणे खेड्यातलं गाणं म्हणून ऐकूच शकलेलं नाही. खालून विचारणारा तो आता सैनिक झालाय, आणि थोडासा खुद्द बटरवर्थही. एकही सूर न बदलता गाण्याचा अर्थ बदलला. छापलेल्या कवितेचं जे होतं तेच छापलेल्या स्वरलिपीचं होतं. आणि आज रात्रीचा गवय्या ते कालच्यासारखं गाणार नाही, तो आणखी निराळा मुद्दा.

राहता राहिलं संहितेचं पावित्र्य. एमिली डिकिन्सनच्या बारा कवितांना अमेरिकन संगीतकार आरन कोपलंडने 1950 साली पियानोसह बांधलं. त्यातलं 'द चॅरियट' हे गाणं ज्या पाठावर उभं आहे त्याचं शीर्षक कवयित्रीचं नाही, तिच्या मृत्यूनंतरच्या संपादकांचं आहे. त्यांनी तिच्या आडव्या रेघा काढल्या, शब्द सारखे केले आणि एक अख्खं कडवं गाळलं. मूळ हस्तलिखितांनुसारचा पाठ 1955 साली आला. पावित्र्यभंग झालाच असेल तर तो पियानो उघडण्याच्या साठ वर्षं आधी, साहित्यवाल्यांच्याच टेबलावर झाला होता.

सुमार कविताच गाण्याला बऱ्या, थोरांना हात लावू नये, हा मुद्दा मी लवकर उरकतो, कारण तो शूबर्ट आणि सुमार समजला जाणारा जर्मन कवी विल्हेल्म म्यूलर यांची जोडी पुढे करून नेहमी मांडला जातो आणि त्याच शूबर्टने बांधलेल्या गटेच्या कविता मात्र सोयीने विसरल्या जातात. गटे स्वतः नाराज होता हे खरं. 1816 साली शूबर्टच्या मित्रांनी गटेला पाठवलेलं त्याच्या गाण्यांचं बाड उत्तराशिवाय परत आलं. पण गटे अडाणी नव्हता. त्याला प्रत्येक कडव्याला तीच चाल हवी होती, आणि अर्थाचा रंग गाणाऱ्याने त्यातच बदलावा असं वाटायचं. अभंग गाणारे आपले बुवा नेमकं हेच करतात, तेव्हा मराठी माणसाने तरी गटेला हसू नये. पण एक रीत चांगली म्हणून दुसरी बाद होत नाही. आणि थोर, गुंतागुंतीच्या कवितेचं काय होतं ते बघायचं तर ब्रिटनने 1945 साली बांधलेली सतराव्या शतकातल्या जॉन डन या इंग्रज कवीची सुनीतं ऐका. बेल्सनच्या नाझी छावणीतल्या वाचलेल्यांसमोर व्हायोलिनवादक मेन्युइनबरोबर वाजवून तो परतला आणि लगेच हे लिहायला बसला. शेवटच्या सुनीतात डन मृत्यूला सुनावतो, की गर्व करू नकोस. आणि गळा हे सुनावत असताना पियानोच्या खालच्या सुरांत एकच आकृती पुन्हा पुन्हा फिरत राहते, अखेरपर्यंत. ती आकृती श्रद्धा आहे की मृत्यू स्वतःच, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुहेरी अर्थ संगीतात मरतो म्हणणाऱ्यांनी ते मला ठरवून द्यावं.

इंग्रजी ही गाण्याची भाषाच नव्हे, असंही एक पालुपद आहे, आणि त्यात तथ्य आहे. मराठीत आपण 'घर' बोलतो तेव्हा शेवटचा 'अ' गिळतो, पण गाताना तो परत आणून त्यावर हवी तेवढी तान घेतो. इंग्रजी शब्दाच्या शेवटी तीन-चार व्यंजनांची गर्दी असते. तिथे आणायला स्वरच शिल्लक नसतो. शिवाय आघात. 'रेकॉर्ड'चा जोर पहिल्या अक्षरावरून दुसऱ्यावर गेला की नामाचं क्रियापद होतं. संगीतकाराने समेवर चुकीचं अक्षर आणलं तर हसूच येतं. पण ही अडचण जुन्या इंग्रज संगीतकारांपैकी डाउलंडला 1597 साली माहीत होती, पर्सेलला माहीत होती, आणि अडचणीनेच त्यांची शैली घडवली. फिन्झी म्हणूनच जवळपास दर अक्षराला एकच सूर देतो, बोलण्याच्या लयीत. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टचं उदाहरण मला फार आवडतं. त्याला ऋग्वेदातली सूक्तं इंग्रजीत गळा आणि पियानोसाठी बांधायची होती. हाताशी असलेली भाषांतरं गायला ओबडधोबड, म्हणून हा ऑर्केस्ट्रात ट्रोंबोन वाजवलेला माणूस संस्कृत शिकला आणि भाषांतरं त्याने स्वतः केली. ती गाणी 1907-08 मधली. ज्याला वाचायचं असतं तो कुठवर जातो, बघा.

शब्द विरघळण्याच्या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. म्हणूनच इंग्लंडातल्या सभागृहांत कविता छापलेली पत्रिका देतात आणि खाली तळटीप असते: कृपया गाणं पूर्ण होईपर्यंत पान उलटू नये. हाउसमनची बंदी मला पूर्वी तऱ्हेवाईकपणा वाटायची. मग एकदा एका छोट्या मैफलीत बटरवर्थचं ते गाणं ऐकलं. गवयाने शेवटची ओळ टाकली, कुणाच्या ते विचारू नकोस, आणि तो गप्प झाला. पियानोवर मेलेल्या पोराचे ते घसरत जाणारे स्वरपुंज परत आले, आता शब्दांशिवाय, म्हणजे तो अजून विचारतोच आहे. पण पत्रिकेतले शब्द तोवर संपले होते, आणि अख्ख्या सभागृहाने एकदम पान उलटलं.